पीठ आंबते तेव्हा

चेन्नईच्या घराघरांतून रात्री झाकून ठेवलेले इडलीचे पीठ सकाळी भांड्याच्या काठापर्यंत फुगून आलेले असते. हे दृश्य तेथे इतके नित्याचे आहे की, त्यात विस्मय वाटण्याजोगे काही आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. परंतु ज्याने हे पीठ प्रथमच केले आणि ज्याच्या ताटात सकाळी चिवट, दडस इडल्या पडल्या, त्याला या रात्रीत काय घडते हे जाणून घेण्याची निकड भासते. तांदूळ तेच, डाळ तीच, प्रमाणही तेच. मग बिघडले कोठे? बहुतेक वेळा उत्तर एकच असते : घाई झाली.

धान्य आंबवण्याची कला जगात सर्वत्र आढळते. बिअर तयार करणारे लोक बार्लीचा गोड अर्क उकळतात, निवू देतात व मग त्यात निवडलेले यीस्ट सोडतात. पुढे कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे, त्यांना वाट पाहावी लागते. आंबणे ही सजीव सूक्ष्म जंतूंची क्रिया आहे, हे लुई पाश्चर यांनी १८५७ साली दुग्धाम्लाच्या अभ्यासातून मांडले. आणि नको ते जंतू शिरले की पेय नासते, हे १८७६ च्या बिअरवरील ग्रंथात दाखवले. इडलीचे पीठ मात्र उकळले जात नाही आणि त्यात विरजणही घालावे लागत नाही. लागणारे जंतू धान्याबरोबरच, विशेषतः उडदाच्या डाळीबरोबर, भांड्यात येतात.

रात्रीचे कामकरी

या जंतूंचा शोध घेणारे एक महत्त्वाचे संशोधन १९६५ साली प्रसिद्ध झाले. पीठ फुगवण्याचे मुख्य श्रेय त्यात ल्युकोनोस्टॉक मेसेंटेरॉइडिस या जंतूला देण्यात आले. डाळ भिजत असतानाच हे जंतू वाढू लागतात. वाटल्यानंतर सुमारे ३० अंश सेल्सिअस तापमानात ११ ते १३ तासांत एका ग्रॅम पिठात त्यांची संख्या शंभर कोटींवर जाते. ते पिठातील साखरेपासून दुग्धाम्ल व कार्बन डाय-ऑक्साइड वायू तयार करतात. आम्लाने पिठाला आंबूस चव येते. वायूने ते फुगते.

वायू निर्माण झाला तरी तो पिठात टिकला पाहिजे. ते काम उडदाचे. उडीद वाटताना जो बुळबुळीत चिकटपणा येतो, तो वायूचे बुडबुडे धरून ठेवतो. तांदूळ किंचित रवाळ वाटलेला असला की तो या फेसाला आधार देतो. म्हणूनच दोन्ही धान्ये वेगवेगळी भिजवून वेगवेगळी वाटण्याची रीत पडली.

नवशिक्यांच्या चुका

पहिली घाई भिजवण्यात होते. तासाभरात डाळ वरून मऊ लागते, पण आतून कोरडी राहते. जंतूंनाही वाढीस अवसर मिळत नाही. निदान चार तास तरी द्यावेत. दुसरी घाई वाटताना होते. विजेच्या मिक्सरमध्ये एकदम वाटल्यास पीठ तापते. म्हणून थंड पाणी वापरून थांबत थांबत वाटावे. जुन्या दगडी आट्टुक्कलवर हा प्रश्नच नव्हता, कारण तेथे काम मुळातच संथ चाले. लवकर वाटले जावे म्हणून पाणी सढळ ओतणे ही तिसरी चूक. पातळ पिठात बुडबुडे ठरत नाहीत.

यानंतरची चूक घड्याळावर विसंबण्याची. जानेवारीत चेन्नईत रात्रीचे किमान तापमान सरासरी २१ अंशांच्या आसपास असते, तर मे महिन्यात ते सरासरी २७ अंशांहून अधिक असते. त्याच जानेवारीत पुण्याची रात्र १२ अंशांच्या आसपास असते. तेव्हा चेन्नईच्या मैत्रिणीने सांगितलेले ‘आठ तास’ पुण्याच्या थंडीत अपुरे पडतात, आणि पुण्याचे हिवाळी तास चेन्नईच्या उन्हाळ्यात पीठ आंबटढाण करतात. तास मोजण्यापेक्षा पीठ पाहावे : ते दीडपटीच्या जवळ फुगले, जाळी दिसू लागली आणि सौम्य आंबूस वास आला, की वेळ झाली.

पीठ फुगले की नाही हे पाहण्यासाठी वारंवार झाकण काढून ढवळणाऱ्याच्या हातून जमलेला वायू निसटतो. धीर सुटून सोडा टाकणारा वायू मिळवतो, परंतु चव गमावतो. शिवाय सोड्याच्या क्षारतेने ब-१ जीवनसत्त्वाचा नाश होतो. उलट, तयार पीठ तसेच बाहेर ठेवणे हाही धीर नव्हे. आम्ल वाढत जाऊन पीठ खाली बसते. वेळीच ते शीतपेटीत ठेवावे, म्हणजे जंतूंचे काम मंदावते.

शाळेत याचा साधा प्रयोग करता येईल. दोन काचेच्या पेल्यांत सारखेच पीठ अर्ध्यापर्यंत भरावे व पातळीवर कागदाची पट्टी चिकटवावी. एक पेला उबेत, दुसरा थंड जागी ठेवावा आणि दर दोन तासांनी न ढवळता पातळी टिपावी. उबेतल्या पेल्यातही आरंभी काहीच हालचाल दिसणार नाही. या निष्क्रिय वाटणाऱ्या तासांतच जंतूंची संख्या वाढत असते. नवशिका नेमका तेव्हाच निराश होऊन पिठात हात घालतो.