क्वेसरांचे झोत आणि खोडदची रेडिओ दुर्बीण

मनुष्याचें आयुष्य फार तर शंभर वर्षांचें. परंतु आकाशांतील कित्येक घडामोडींना कोट्यवधि वर्षें लागतात. त्यांचा इतिहास मनुष्यानें जाणावा तरी कसा? क्वेसरांतून निघणाऱ्या झोतांचा अभ्यास करतांना हा प्रश्न पदोपदीं उभा राहतो, आणि त्याच्या उत्तरांत पुण्याचाहि वाटा आहे.

क्वेसर दिसावयास ताऱ्यासारखा. परंतु १९६३ सालीं मार्टेन श्मिट यांनीं ३सी २७३ नांवाच्या अशा एका बिंदूचा वर्णपट तपासून तो अतिशय दूर असल्याचें दाखविलें. आजच्या मोजणीप्रमाणें तें अंतर सुमारें २४० कोटी प्रकाशवर्षें भरतें. क्वेसर म्हणजे एखाद्या दीर्घिकेचें धगधगतें केंद्र होय. तेथील प्रचंड कृष्णविवराभोवतीं वायु गरगर फिरत आंत पडतो. कांहीं क्वेसरांत त्यांतील थोडें द्रव्य जवळजवळ प्रकाशाच्या वेगानें दोन विरुद्ध दिशांना फेकलें जातें. हेच झोत. त्यांतील इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रांत फिरतांना रेडिओ तरंग सोडतात, आणि झोतांच्या टोकांशीं त्यांचे विस्तीर्ण मेघ साठतात.

हे झोत जाणण्याचा पहिला मार्ग चिकाटीचा. अमेरिकेतील दहा अँटेनांच्या जाळ्यानें १९९४ पासून अनेक झोतांचीं चित्रें पुनःपुन्हा घेण्यांत आलीं. त्यांतील कांहीं तेजस्वी गांठी प्रकाशाहूनहि वेगानें सरकतांना दिसतात! अर्थात् हा भास होय. झोत जवळजवळ पृथ्वीच्याच रोखानें येत असल्यामुळें मागाहून निघालेल्या प्रकाशास अंतर कमी कापावें लागतें, आणि अनेक वर्षांचा प्रवास थोडक्या काळांत उरकल्यासारखा दिसतो.

परंतु एवढ्या वर्षांत दिसतो तो झोताच्या मुळाजवळचा अगदीं ताजा भाग. जुना इतिहास वाचण्यास दुसरा मार्ग लागतो. लहान लांबीचे तरंग सोडणारे इलेक्ट्रॉन आपली शक्ति लवकर गमावतात. लांब तरंग सोडणारे ती सावकाश खर्च करतात. चुलींतला जाळ विझला तरी राखेखालीं निखारा उरतो, तद्वत् झोत थांबल्यावरहि त्याचे मेघ लांब तरंगांत दीर्घकाळ दिसत राहतात. निरनिराळ्या तरंगांतील तेज ताडून पाहिलें असतां त्यांचें वयहि अजमावितां येतें.

या कामीं पुण्याच्या उत्तरेस सुमारें ८० किलोमीटरांवर, नारायणगांवाजवळ खोडद येथें असलेली दुर्बीण विशेष उपयोगी पडते. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं उभारलेल्या या दुर्बिणींत ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असून त्या सुमारें २५ किलोमीटरांच्या टापूंत पसरल्या आहेत. कांहीं दीर्घिकांत मेघांच्या दोन जोड्या आढळतात : बाहेरची जुनी, आंतली नवी. म्हणजे झोत एकदां थांबून पुन्हां सुरू झाला! ४सी ०२.२७ हा क्वेसर असाच असावा, याचें प्रमाण २००९ सालीं पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे धृव ज्योति सैकिया व त्यांचे सहकारी यांनीं मांडलें.

झोत भोंवतालचा वायु तापवितात, आणि तप्त वायूंतून तारे सहजासहजीं घडत नाहींत. म्हणून झोत केव्हां चालू होता व केव्हां थांबला, यावर त्या दीर्घिकेचें भवितव्य बरेंच अवलंबून असतें.

मात्र हे तरंग इतके क्षीण असतात कीं, मोबाइल फोन किंवा वीजवाहिनींतील ठिणगी यांच्या कोलाहलांत ते सहज बुडून जातात. कोट्यवधि वर्षांपूर्वींच्या झोताची खूण टिपावयाची, तर खोडदच्या आसमंतांतील रेडिओ-शांतता आजहि राखली पाहिजे.