भ्रमणध्वनी सेवा, घाऊक : रायगड किनारा

भ्रमणध्वनीचे जाल उभारणाऱ्या कंपनीने आपल्या जालाची क्षमता थेट ग्राहकास न विकता दुसऱ्या कंपनीस, संस्थेस वा उद्योगास ठोक मोबदल्यावर वापरू देणे, यास घाऊक भ्रमणध्वनी सेवा म्हणतात. मनोऱ्यावरील जागा, प्रकाशीय तंतूंची वाहकता, कंप्रता पट्टा, परक्या कंपनीच्या ग्राहकांना दिलेले रोमिंग हे तिचे परिचित प्रकार होत. चौथ्या पिढीपर्यंत हा व्यवसाय किरकोळ विक्रीचा जोडधंदा समजला जाई. पाचव्या पिढीच्या, म्हणजे ५-जी जालात त्याला स्वतंत्र महत्त्व आले असून त्याचे फायदे व मर्यादा उरणपासून बाणकोटच्या खाडीपर्यंतच्या रायगड किनाऱ्यावर विशेष स्पष्ट दिसतात.

हा किनारा धरमतर, रेवदंडा व राजपुरी या खाड्यांनी तुटलेला असून समुद्रालगत डोंगरांच्या सोंडा उतरलेल्या आहेत. एका मनोऱ्याचे तरंग डोंगराआडच्या गावात पोहोचत नाहीत. तेथे दुसरा मनोरा लागतो. मनोऱ्याचा, विजेचा व तंतुजोडणीचा खर्च गाव लहान असले तरी फारसा घटत नाही, ग्राहक मात्र थोडे. उलट अलिबाग, काशीद, दिवेआगर येथे सुटीच्या दिवशी मुंबई-पुण्याचे पर्यटक लोटतात आणि दोन दिवसांपुरती मागणी अनेक पटींनी वाढते. अशा प्रदेशात प्रत्येक कंपनीने आपापले संपूर्ण जाल उभारणे हा भांडवलाचा अपव्यय होय.

परवान्यांच्या रचनेमुळे आणखी एक गुंतागुंत निर्माण झाली. मुंबई हे स्वतंत्र परवाना-क्षेत्र, तर अलिबाग, मुरूड व श्रीवर्धन हे गोव्यासह असलेल्या महाराष्ट्र क्षेत्रात मोडतात. गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्यास येणारा प्रवासी बंदर ओलांडताना परवाना-क्षेत्रही ओलांडतो. २०१० च्या लिलावात तिसऱ्या पिढीचा पट्टा भारती एअरटेलला मुंबईत मिळाला, महाराष्ट्र क्षेत्रात मिळाला नाही. तेथे तो व्होडाफोन, आयडिया व टाटा यांच्याकडे गेला. एअरटेल, व्होडाफोन व आयडिया यांनी एकमेकींच्या जालावर ग्राहक फिरवण्याचे करार केले. केंद्रीय दूरसंचार विभागाने २०११ मध्ये त्यांस हरकत घेतली, परंतु दूरसंचार विवाद न्यायाधिकरणाने एप्रिल २०१४ मध्ये कंपन्यांच्या बाजूने निर्णय दिला. घाऊक सेवेस भारतात मान्यता मिळण्याच्या दृष्टीने हा निर्णय महत्त्वाचा ठरला. मनोऱ्यांची सामाईक मालकी त्याआधीच रुळली होती. इंडस टॉवर्स ही कंपनी २००७ मध्ये याच तीन प्रतिस्पर्धी समूहांनी मिळून स्थापिली. प्रेषक उपकरणांसारख्या सक्रिय घटकांच्या सहभागास २०१६ मध्ये अधिक व्यापक परवानगी मिळाली.

जुन्या घाऊक उत्पन्नाचा एक झरा मात्र आटला. एका कंपनीचा कॉल दुसरीने पोहोचवल्याबद्दलचे शुल्क २००९ मध्ये मिनिटास २० पैसे होते; ते २०१५ मध्ये १४, २०१७ मध्ये ६ पैशांवर आले व १ जानेवारी २०२१ पासून रद्द झाले. त्यामुळे कंपन्यांना नवा माल शोधणे भाग पडले.

५-जीच्या स्वतंत्र रचनेत जालाचे नियंत्रण विशिष्ट यंत्रांत बंदिस्त नसते. ते सर्वसाधारण संगणकांवरील आज्ञावलींद्वारे चालते. त्यामुळे एकाच भौतिक जालाचे अनेक तर्कशुद्ध भाग पाडता येतात. प्रत्येक भागास वेग, विलंब व विश्वासार्हता यांची निराळी हमी देता येते आणि एका भागातील गर्दीची झळ दुसऱ्यास लागू न देण्याची व्यवस्था करता येते. अशा भागास ‘स्लाइस’ म्हणतात. पूर्वी मिनिटे व मेगाबाइटे विकली जात. येथे हमी विकली जाते.

रायगड किनाऱ्यावर अशा हमीचे संभाव्य ग्राहक मोठे आहेत. १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात वेगवेगळ्या कंपन्या आपापले टर्मिनल चालवतात. दूरनियंत्रित याऱ्या, कंटेनरांचा माग, मालमोटारींची रांग यांच्या गरजा भिन्न असतात. डोलवीचा पोलाद कारखाना व थळचा खत कारखाना यांना विलंबापेक्षा अखंडतेची चिंता अधिक. केंद्राच्या जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार उद्योगास खाजगी जाल परवानाधारक कंपनीकडून घेता येते किंवा स्वतः उभारता येते. दुसरा मार्ग वाटतो तितका सुगम नाही. अदानी समूहाने २०२२ च्या लिलावात २६ गिगॅहर्ट्‌झ पट्ट्यातील ४०० मेगॅहर्ट्‌झ सहा क्षेत्रांत घेतले. महाराष्ट्र क्षेत्र त्यांत नव्हते. त्यामुळे समूहाने २०२१ मध्ये घेतलेल्या राजपुरी खाडीवरील दिघी बंदरास त्या पट्ट्याचा उपयोग नव्हता. एप्रिल २०२५ मध्ये तो पट्टा एअरटेलकडे सोपवण्याचा करार झाला. जाल चालवणे हा निराळा धंदा आहे, हेच यावरून दिसते.

स्वतःचे जाल नसलेल्या विक्रेत्यांना घाऊक क्षमता देण्याची पद्धत ब्रिटनमध्ये १९९९ मध्ये व्हर्जिन मोबाइलने रूढ केली. भारतात अशा आभासी चालकांसाठी मे २०१६ मध्ये परवाना निघाला, पण भ्रमणध्वनीच्या क्षेत्रात त्याचा प्रसार अल्पच राहिला. भ्रमणध्वनी सेवेसाठी एकाच मूळ कंपनीशी बांधून घेण्याची अट हे त्याचे एक कारण मानता येईल. ज्याला दुसरे दुकान नाही, त्या गिऱ्हाइकाला घासाघीस करता येत नाही.

सहभागाची दुसरी बाजू निसर्ग चक्रीवादळात प्रकट झाली. ३ जून २०२० रोजी हे वादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या तालुक्यांत विजेचे खांब कोसळले, भ्रमणध्वनी बंद पडले आणि अनेक गावांचा बाहेरच्या जगाशी संपर्क काही दिवस तुटला. एका मनोऱ्यावर तीन कंपन्या असतील, तर तो मनोरा पडल्यावर तिघीही मुक्या होतात. एकाच तंतुमार्गावरील स्लाइसांचीही तीच गत. म्हणून घाऊक करारात केवळ दर पुरत नाही. बॅटरी व डिझेलचा साठा, तंतूचा पर्यायी मार्ग आणि आपत्तीत कोणाही कंपनीच्या ग्राहकास चालू जालावर घेण्याची तरतूद यांचाही समावेश हवा. हा खर्च कोणी सोसावा, हा घाऊक दराच्या वाटाघाटीतील कळीचा प्रश्न होय.

जानेवारी २०२५ मध्ये केंद्र सरकारने डिजिटल भारत निधीतून उभारलेल्या चौथ्या पिढीच्या मनोऱ्यांवर परवाना-क्षेत्रांतर्गत रोमिंग सुरू केले. देशभरातील सुमारे २७,००० मनोरे या योजनेत येतात. त्यांवर भारत संचार निगम, एअरटेल व जिओ यांचे ग्राहक परस्परांचे जाल वापरू शकतात. सरकारी पैशाने उभारलेल्या जालास ही अट घालणे सोपे होते. कंपन्यांनी स्वखर्चाने उभारलेल्या मनोऱ्यांवर नित्य रोमिंग द्यावे की नाही, हे त्यांच्या परस्पर करारांवर अवलंबून असते.