हस्तकौशल्याचे व्यायाम आणि वार्धक्यातील बोधात्मक क्षमता

हस्तकौशल्याचे व्यायाम म्हणजे बोटे, अंगठा आणि मनगट यांच्या सूक्ष्म व नियंत्रित हालचालींचा हेतुपूर्वक केलेला सराव. मणी ओवणे, नाणी एकेक उचलून डबीत टाकणे, विणकाम, वाद्यवादन, अंगठ्याने क्रमाक्रमाने प्रत्येक बोटाच्या टोकाला स्पर्श करणे ही त्याची परिचित उदाहरणे होत. पक्षाघातानंतर किंवा हाताच्या दुखापतीनंतर हाताचे कार्य सुधारावे म्हणून व्यवसायोपचार तज्ज्ञ असे व्यायाम दीर्घकाळापासून करून घेत आले आहेत. स्मृती, अवधान, विचारांचा वेग, नियोजन इत्यादींना एकत्रितपणे बोधात्मक क्षमता म्हणतात. वार्धक्यात ही क्षमता टिकून राहावी यासाठीही अलीकडे हे व्यायाम सुचवले जातात. हात आणि मेंदू यांचा घनिष्ठ संबंध निर्विवाद आहे. परंतु केवळ बोटे हलवल्याने स्मृतिभ्रंश टळतो, हा लोकप्रिय समज त्या संबंधातून निष्पन्न होत नाही.

हात आणि मेंदू

मानवी हातात २७ हाडे असतात. बोटे वाकवणारे बरेचसे बळ हातातून नव्हे, तर कोपरापुढील बाहूतील स्नायूंकडून लांब स्नायुबंधांमार्फत येते. या यंत्रणेवर नियंत्रण ठेवण्यासाठी मेंदूच्या बाह्यकाचा मोठा भाग राखीव आहे. कॅनडातील माँट्रियल येथील शल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड यांनी अपस्माराच्या रुग्णांवर, ते जागे असताना, शस्त्रक्रिया करतेवेळी बाह्यकाला सौम्य विद्युत उद्दीपन देऊन शरीराच्या कोणत्या भागात हालचाल किंवा संवेदना होते याची नोंद केली. एडविन बोल्ड्रे यांच्यासह त्यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखातून जो नकाशा पुढे आला, त्यात हात व चेहरा यांनी व्यापलेली जागा संपूर्ण धडापेक्षा कितीतरी मोठी होती. पाठ्यपुस्तकांतील प्रचंड हातांचे विद्रूप मानवचित्र याच नकाशावरून काढलेले आहे.

या चित्रावरून अनेकदा घाईचा निष्कर्ष काढला जातो, की हात हलवला म्हणजे मेंदूच्या एवढ्या मोठ्या भागाला व्यायाम मिळाला. वस्तुतः हे क्षेत्र हालचाल व स्पर्श यांचे आहे; स्मृतीचे नव्हे. २०२३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या जुन्या नकाशात दुरुस्ती सुचवली. पाय, हात आणि तोंड यांच्या क्षेत्रांच्या दरम्यान असे पट्टे आढळले, जे एकेका बोटाच्या सूक्ष्म हालचालीशी नव्हे, तर कृतीचे नियोजन व संपूर्ण शरीराचा समन्वय यांच्याशी निगडित जालाला जोडलेले आहेत. हालचाल आणि विचार मेंदूत शेजारी नांदतात, ते असे. मात्र शेजार म्हणजे एकरूपता नव्हे.

कौशल्याचे मापन

हस्तकौशल्य मोजण्याची बहुतेक साधने साधी आहेत. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात जोसेफ टिफिन यांनी १९४० च्या दशकात तयार केलेला पर्ड्यू पेगबोर्ड मुळात कारखान्यांतील कामगार निवडण्यासाठी होता. फळीवर प्रत्येकी २५ छिद्रांच्या दोन रांगा असतात. उजव्या हाताने, डाव्या हाताने आणि दोन्ही हातांनी प्रत्येकी ३० सेकंदांत किती खुंट्या बसल्या ते मोजतात. त्यानंतर खुंटी, चकती आणि कडे जुळवण्याची चाचणी असते. नऊ छिद्रांच्या चाचणीत नऊ खुंट्या बसवून पुन्हा काढण्यास लागलेला वेळ नोंदवतात.

वय वाढते तसा या चाचण्यांतील वेग मंदावतो. बोटांच्या त्वचेतील स्पर्शग्राही घटक कमी होतात, दृष्टी क्षीण होते, सांधे आखडतात. ज्यांची बोधात्मक क्षमता घटलेली असते अशा वृद्धांत हस्तकौशल्यही सरासरीने कमी आढळते. तथापि या सहसंबंधात कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे ओळखणे अवघड असते. मेंदूतील एकाच बदलामुळे बोटे आणि स्मृती दोन्ही मंदावू शकतात. घड्याळाचा काटा हाताने फिरवून यंत्र दुरुस्त होत नाही, तसाच हा प्रकार असू शकतो.

हालचाल की शिकणे?

या विषयातील सर्वांत उद्बोधक पुरावा वृद्धांवरील प्रयोगांतून नव्हे, तर १९९५ मध्ये अल्वारो पास्कुअल-लिओने व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या पियानोच्या प्रयोगातून मिळतो. पूर्वी पियानो न शिकलेल्या व्यक्तींना पाच बोटांनी वाजवायचा एक क्रम देऊन सलग पाच दिवस, दररोज दोन तास सराव करवला गेला. कवटीबाहेरून चुंबकीय उद्दीपन देऊन तपासले असता, बोटांच्या स्नायूंना उद्दीपित करणारे बाह्यकातील क्षेत्र विस्तारलेले दिसले. दुसऱ्या गटाने तेवढाच वेळ त्याच हाताने मनास येईल तसे पियानोचे सूर छेडले. त्यांच्यातही बदल झाला, पण लक्षणीयरीत्या कमी. बोटे दोन्ही गटांची चालली होती. नवे काही शिकला तो पहिला गट. शिवाय ज्यांनी तो क्रम केवळ मनातल्या मनात वाजवला, त्यांच्याही बाह्यकात बदल दिसून आले.

वृद्धांवरील अभ्यासही याच दिशेने बोट दाखवतात. हॅम्बुर्ग येथे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सरासरी ६० वर्षे वयाच्या व्यक्तींना तीन चेंडू एकामागून एक उडवून झेलण्याची कला शिकवण्यात आली. ज्यांना ती साधली, त्यांच्या मेंदूत दृष्टीशी संबंधित भागात तसेच हिप्पोकॅम्पसमध्ये करड्या द्रव्याची तात्पुरती वाढ आढळली. सराव थांबल्यावर ती ओसरली. अमेरिकेत जेनिफर ब्यूगोस व सहकाऱ्यांनी (२००७) ६० ते ८५ वर्षे वयाच्या ३१ व्यक्तींचा अभ्यास केला. सहा महिने वैयक्तिक पियानो-शिक्षण घेतलेल्या गटाने अंक व अक्षरे आळीपाळीने जोडणे यांसारख्या चाचण्यांत शिक्षण न घेतलेल्या गटापेक्षा अधिक प्रगती केली. नमुना लहान असल्याने हा निष्कर्ष सावधपणे वाचावा लागतो.

टेक्सासमधील डेनिस पार्क यांच्या २०१४ च्या प्रयोगात वृद्धांचे काही गट तीन महिने, आठवड्याला सरासरी सुमारे साडेसोळा तास, गोधडीसारखे क्विल्ट शिवणे, डिजिटल छायाचित्रण किंवा दोन्ही शिकले. गप्पागोष्टी व सहलींत रमलेल्या गटाच्या, तसेच घरी सोपी कामे करणाऱ्या गटाच्या तुलनेत त्यांची प्रसंगस्मृती सुधारली. छायाचित्रणात बोटांचे काम शिवणकामापेक्षा थोडे असते, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे.

मिळालेला लाभ इतर क्षमतांत कितपत उतरतो, हा प्रश्न उरतो. सुमारे २,८०० वृद्धांवर झालेल्या 'ॲक्टिव्ह' या अमेरिकी चाचणीत (२००२) ज्या क्षमतेचे प्रशिक्षण दिले तीच प्रामुख्याने सुधारली. स्मृतीच्या सरावाने तर्कशक्ती वाढली नाही. ही चाचणी हातांच्या व्यायामाची नव्हती, पण खुंट्या बसवण्याच्या सरावाने खुंट्या बसवण्याचा वेग वाढेल, एवढेच खात्रीने म्हणता येते, हे तिच्यावरून समजते.

व्यायामांची निवड

वाती वळणे, हार गुंफणे, तांदूळ निवडणे, रांगोळी, भरतकाम या घरगुती कामांत अंगठा व तर्जनीची चिमूट सतत वापरली जाते. ज्यांचे हात आखडले आहेत त्यांच्यासाठी ती उत्तमच. सदऱ्याची बटणे लावणे, औषधाच्या गोळ्या पाकिटातून काढणे, सही करणे यांतील स्वावलंबन हे स्वतःच मोठे फळ आहे. परंतु आयुष्यभर वाती वळलेल्या हातांना ते काम बुद्धीचे आव्हान राहत नाही. चीनमधील बाओडिंगच्या प्रसिद्ध जोडगोळ्या तळव्यात फिरवण्याचेही तेच: सवय झाली की लक्ष दुसरीकडे जाते. याउलट हार्मोनियम शिकणे, विणकामाचा अपरिचित नमुना उतरवणे, लिहिण्यासाठी दुसरा हात वापरून पाहणे यांत क्रम लक्षात ठेवावा लागतो आणि चूक कळली की ती सुधारावी लागते. संधिवात किंवा मनगटातील मज्जातंतूवर दाब असल्यास वेदना होईपर्यंत सराव करू नये. चेंडू जोराने दाबण्याचा अतिरेक विशेषतः अपायकारक ठरतो.

मर्यादा आणि वैद्यकीय सल्ला

भारतात ६० वर्षांवरील सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे स्वस्त व घरच्या घरी करण्याजोग्या उपायांचे आकर्षण स्वाभाविक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत शारीरिक हालचालींची ठाम शिफारस आहे; बोधात्मक प्रशिक्षणाची शिफारस मात्र सशर्त आहे. 'लॅन्सेट' आयोगाच्या २०२४ च्या अहवालातील १४ परिवर्तनीय जोखीम-घटकांत श्रवणदोष, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, उपचार न झालेला दृष्टिदोष आणि शारीरिक निष्क्रियता यांचा समावेश होतो. कानयंत्र टाळून किंवा रक्तदाबाच्या गोळ्या सोडून बोटांच्या व्यायामावर विसंबणे म्हणूनच धोक्याचे आहे.

हाताच्या कार्यातील काही बदल व्यायामाचे नव्हे, तपासणीचे विषय असतात. अक्षर हळूहळू बारीक होत जाणे किंवा विश्रांतीच्या स्थितीत हात कापणे हे कंपवाताचे लक्षण असू शकते. नेहमीचे कुलूप उघडण्याची, चहा करण्याची कृतींची साखळी विसरणे यामागे स्मृतिभ्रंश असू शकतो. एका हातातील बळ अचानक जाणे, सोबत तोंड वाकडे होणे वा बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे असून अशा वेळी रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते.