एक चाल, तीन भाषा

एखादें लोकप्रिय गीत दुसऱ्या गायकानें किंवा दुसऱ्या भाषेंत पुन्हा गाइलें, म्हणजे मूळ अधिक चांगलें कीं नवें, असा वाद घरोघर सुरू होतो. वडील माणसें मुळाची बाजू घेतात, मुलें नव्याची. या वादांत आवाजाची आणि वाद्यांची तुलना पुष्कळ होते. परंतु ते शब्द कोणाच्या तोंडचे होते, हा प्रश्न मागेंच राहतो. आज त्याच प्रश्नाचा थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम परदेशचें एक प्रसिद्ध उदाहरण पाहूं. अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनामंदिरांतील गायनापासून 'सोल' या नांवाचा एक गानप्रकार निघाला. 'सोल' म्हणजे आत्मा. 'व्हेन अ मॅन लव्ह्ज अ वुमन' हें त्यांतील गाजलेलें प्रेमगीत पर्सी स्लेज यांनीं १९६६ सालीं गाइलें. अलाबामा प्रांतांतील हा गायक तोंपर्यंत एका रुग्णालयांत सेवकाचें काम करीत असे. पुढें १९९१ सालीं मायकेल बोल्टन या गोऱ्या गायकानें तेंच गीत पुन्हा गाइलें. दोन्ही गीतें आपापल्या काळीं अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादींत पहिल्या स्थानावर पोंचलीं. येथें शब्द तेच राहिले, चाल तीच राहिली. बदलला तो केवळ कंठ.

आतां याच्या उलट उदाहरण घेऊं. तें आमच्याच सोलापूर जिल्ह्यांतलें आहे. करमाळें तालुक्यांतील जेऊर गांवचे नागराज मंजुळे यांचा 'सैराट' हा चित्रपट २०१६ सालीं प्रकाशित झाला. मासेमारी करणाऱ्या घरचा मुलगा आणि पाटलाची मुलगी यांच्या प्रेमाची ही कथा आहे, आणि तिचा शेवट मुलीच्या नातलगांनीं केलेल्या हत्येंत होतो. त्यांतील 'याड लागलं' या गीताची चाल अजय-अतुल या बंधूंची असून तें अजय गोगावले यांनीं गाइलें आहे. २०१८ सालीं याच कथेवरून 'धडक' हा हिंदी चित्रपट निघाला. त्यांत हीच चाल 'पहली बार' या नांवानें आली. संगीतकार तेच, गायकही तेच. शब्द मात्र अमिताभ भट्टाचार्य यांनीं नव्यानें लिहिले. म्हणजे येथें कंठ तोच राहिला आणि बदलले ते केवळ शब्द. शब्दांचें मोल जोखावयास याहून चांगली संधि क्वचितच मिळेल.

'याड' हा शब्द पाहा. कोशांतला शब्द 'वेड'. शाळेच्या निबंधांत कोणीं 'याड' लिहिलें, तर त्याखालीं तांबडी रेघ ओढली जाते. तथापि हा शब्द कोणाच्या जिभेच्या आळसानें बिघडलेला नाहीं. ग्रामीण बोलींत आरंभींच्या 'वे'चा 'ये' होतो. वेळ ती येळ, वेस ती येस, तसें वेड तें येड. पुढें त्या एकाराचा 'या' होतो. तेल तें त्याल, शेत तें श्यात, देव तो द्याव. म्हणून येड तें याड. जेथें इतका नियम आहे, तेथें अशुद्ध म्हणण्यापूर्वीं थांबावें. 'सैराट' या शब्दाचीही तीच गोष्ट. त्याचें नातें 'स्वैर' या संस्कृत शब्दाशीं आहे. बंधन न जुमानतां धावणें, हा त्याचा भाव.

जो मुलगा घरीं 'त्याल' आणि 'श्यात' म्हणतो, त्याला प्रेमही त्याच बोलींत होणार. हें त्या गीतानें ओळखलें आणि नंतर सबंध महाराष्ट्रानें तो शब्द आपल्या तोंडीं घेतला. ज्या बोलीबद्दल शहरांत गेलेला मुलगा संकोचतो, तिला हा मान मिळाला.

हिंदी गीत कानास गोडच लागतें. परंतु 'वेडा'च्या जागीं 'पहिली वेळ' आली. कथा उदयपुरास गेली. उदयपुरची बोली मेवाडी, पण गीत मेवाडींत नाहीं. तें सर्वांस कळणाऱ्या सिनेमाच्या हिंदींत आहे. जें सर्वांचें झालें, तें विशेष कोणाचें उरलें नाहीं. कथेंतील जातीची धारही तशीच बोथट झाली.

मग चाल उसनी घेऊंच नये काय? तसें म्हटलें तर आपलें नाट्यसंगीतच रद्द होईल. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं १८८० सालीं 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलें. त्या परंपरेनें कानडी चाली मोकळ्या मनानें उचलल्या. त्या मराठी झाल्या, कारण त्यांतले शब्द मराठी घरांत रुजले. आमची दुधनी सोलापूर-वाडी लोहमार्गावर, अगदी कर्नाटकाच्या सीमेस लागून आहे. येथें कित्येक घरांत कानडी बोलतात आणि बाजारांत दोन्ही भाषा चालतात. 'सैराट'ची कथा २०१७ सालीं 'मनसु मल्लिगे' या नांवानें कानडींत आली. नायिका आमच्याच अकलूजची रिंकू राजगुरू. 'मल्लिगे' म्हणजे मोगऱ्याच्या जातीचें फूल. नांवांत 'सैराट'चा बेबंदपणा नाहीं, पण कानडी घराचा सुगंध आहे. मराठींतून कानडींत गेलेली ही चाल म्हणजे जुन्या ऋणाची अल्पशी फेडच होय.

तेव्हां, श्रोतेहो, घरांत हा वाद निघाला तर दोन्ही गीतें मुलांसह ऐकावीं आणि त्यांस एवढेंच विचारावें, कीं हे शब्द कोणत्या गांवचें माणूस बोलेल? ज्या गीतास या प्रश्नाचें उत्तर देतां येतें, तें मूळ असो वा मागून आलेलें, त्यास आत्मा आहे. प्रमाण मराठी मुलांस अवश्य शिकवावी. तिच्यावांचून पुढचा मार्ग नाहीं. मात्र ती शिकवितांना घरच्या बोलीची लाज शिकवूं नये. ज्यास आपल्या शब्दाची लाज वाटते, त्याचें गाणें दुसऱ्यासच लिहावें लागतें.