युरोपातील मुक्त संचार : गोमंतकीयांचा हक्क आणि भारतीय नागरिकाची परवानगी

प्रस्तावना :

जागतिकीकरणाच्या प्रक्रियेत वस्तू आणि भांडवल यांना राष्ट्रांच्या सीमा ओलांडणे जेवढे सुलभ झाले, तेवढे ते श्रम करणाऱ्या माणसाला झाले नाही. या सर्वसाधारण नियमाला युरोपीय संघ हा महत्त्वाचा अपवाद होय. तेथे एका सदस्य राष्ट्राचा नागरिक दुसऱ्या सदस्य राष्ट्रात जाऊन राहू शकतो, नोकरी करू शकतो. या विषयाचा आपल्याशी काय संबंध, असा प्रश्न वाचकास पडणे स्वाभाविक आहे. परंतु गोव्यातील अनेक कुटुंबांनी याच तरतुदीच्या आधारे आपले जीवन घडविले आहे. दुसरीकडे नाशिकच्या गंगापूर रोड परिसरातील महाविद्यालयांत शिकणारे विद्यार्थीही आता जर्मनी, आयर्लंड, पोर्तुगाल या देशांविषयी आपल्या शिक्षकांकडे चौकशी करतात. "एकदा युरोपात पोहोचलो की पुढे कोठेही नोकरी करता येते," हा समज त्यांच्यात रूढ आहे. तो कोणाच्या बाबतीत खरा आहे व कोणाच्या बाबतीत नाही, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मुक्त संचाराची संकल्पना :

१९५७ च्या रोम करारात कामगारांच्या मुक्त संचाराचे तत्त्व मान्य करण्यात आले. १९९३ मध्ये अमलात आलेल्या मास्ट्रिख्ट कराराने 'युरोपीय संघाचे नागरिकत्व' ही संकल्पना आणली. मात्र हे नागरिकत्व स्वतंत्रपणे मिळत नाही. सदस्य राष्ट्राचे नागरिकत्व असेल तरच ते आपोआप प्राप्त होते. २००४ च्या निर्देशानुसार या हक्काचे तीन टप्पे आहेत.

१) पहिले तीन महिने : वैध पारपत्र किंवा ओळखपत्र एवढेच पुरेसे असते.
२) तीन महिन्यांनंतर : व्यक्ती नोकरी वा स्वयंरोजगार करणारी असावी, किंवा विद्यार्थी अथवा अन्य व्यक्ती असल्यास तिच्याकडे निर्वाहाची साधने व आरोग्य विमा असावा. यजमान देश नोंदणीची अट घालू शकतो.
३) सलग पाच वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर : कायम निवासाचा हक्क मिळतो.

पती-पत्नी व अवलंबून असलेली मुले युरोपबाहेरील देशाची नागरिक असली, तरी त्यांनाही सोबत राहता येते. सामाजिक सुरक्षेच्या बाबतीत व्यक्तीला एका वेळी एकाच देशाचा कायदा लागू होतो आणि वेगवेगळ्या देशांत भरलेल्या वर्गणीचा कालावधी निवृत्तिवेतनाच्या पात्रतेसाठी एकत्र धरला जातो.

'कामगार' या शब्दाची व्याप्तीही मोठी आहे. लॉरी-ब्लुम या ब्रिटिश महिलेला जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने राष्ट्रीयत्वाच्या कारणावरून शिक्षक-प्रशिक्षणाच्या सेवेत प्रवेश नाकारला होता. १९८६ मध्ये युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला की, दुसऱ्याच्या निर्देशाखाली मोबदला घेऊन काम करणारी व्यक्ती कामगारच होय. प्रशिक्षणार्थी शिक्षकही त्याला अपवाद नाही.

गोमंतकीयांचे उदाहरण :

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि १९६२ च्या आदेशाने तेथील रहिवाशांना भारतीय नागरिकत्व मिळाले. पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व ३१ डिसेंबर १९७४ च्या करारान्वये मान्य केले. तरीही मुक्तीपूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मलेल्यांना, आणि वंशपरंपरेच्या तत्त्वावर त्यांच्या मुलांना व नातवंडांना, पोर्तुगीज नागरिकत्वाची वाट पोर्तुगीज कायद्याने खुली ठेवली. जुन्या जन्मनोंदीच्या आधारे लिस्बन येथील केंद्रीय नोंदणी कार्यालयात जन्माची नोंद करणे, हा त्यातील मुख्य टप्पा होय.

१९८६ मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायाचा सदस्य झाल्यावर या नोंदीचा अर्थ बदलला. आजोबांच्या जन्मदाखल्यातून संपूर्ण पश्चिम युरोपचा श्रमबाजार खुला होऊ लागला. विशेष म्हणजे अनेक गोमंतकीय पोर्तुगालमध्ये स्थायिक न होता इंग्लंडला गेले. इंग्रजी भाषेची ओळख, रोजगाराची उपलब्धता आणि आधी गेलेले आप्तेष्ट ही त्याची कारणे होत. लंडनमधील साउथॉल, वेंब्ली हे भाग आणि स्विंडन हे शहर येथे गोमंतकीयांची मोठी वस्ती उभी राहिली. कायद्याच्या दृष्टीने हे भारतीयांचे स्थलांतर नव्हते. एका युरोपीय देशाच्या नागरिकांनी दुसऱ्या युरोपीय देशात बजावलेला तो हक्क होता.

या हक्काची किंमतही मोठी आहे. भारतीय राज्यघटना दुहेरी नागरिकत्व मान्य करीत नाही. नागरिकत्व अधिनियम, १९५५ च्या कलम ९ नुसार स्वेच्छेने परकीय नागरिकत्व स्वीकारणाऱ्याचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. अशा व्यक्तीस 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' ही नोंदणी मिळू शकते. परंतु तीत मतदानाचा अधिकार नाही, निवडणूक लढविता येत नाही आणि शेतजमीन खरेदी करता येत नाही. केवळ लिस्बनमधील जन्मनोंदीने भारतीय नागरिकत्व संपते काय, हा वाद गोव्यात विधानसभेच्या सदस्यत्वाच्या प्रश्नापर्यंत पोहोचला होता. शेतीभाती आणि गावकीशी बांधलेल्या कुटुंबासाठी हा निर्णय केवळ पारपत्राचा राहत नाही.

ब्रेक्झिटनंतरची स्थिती :

करारातून मिळालेला हक्क करार संपला की संपतो, हे ब्रेक्झिटने दाखविले. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघातून बाहेर पडले आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी संक्रमणकाळ संपला. त्यापूर्वी तेथे राहत असलेल्यांसाठी 'ईयू सेटलमेंट स्कीम' होती. अर्जाची सर्वसाधारण मुदत ३० जून २०२१ पर्यंत होती. त्यानंतर नव्याने जाणाऱ्या पोर्तुगीज पारपत्रधारकास ब्रिटनमध्ये नोकरीसाठी इतर परकीयांप्रमाणेच व्हिसा घ्यावा लागतो. संघाच्या २७ देशांत मात्र त्याचा हक्क अबाधित आहे.

भारतीय पारपत्रधारकाची स्थिती :

नाशिकचा विद्यार्थी मात्र हक्काने नव्हे, तर परवानगीने जातो. ती परवानगी सामान्यतः एका देशापुरती असते. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस फिरता येते. त्यातून नोकरीचा हक्क मिळत नाही. जर्मनीचा निवास परवाना असलेल्यास फ्रान्समध्ये पर्यटन करता येते. तेथे नोकरी करण्यासाठी स्वतंत्र परवानगी लागते.

'ब्लू कार्ड' ही योजना यात काही सवलत देते. २०२१ च्या सुधारित निर्देशानुसार उच्च कौशल्याचा धारक एका देशात १२ महिने राहिल्यानंतर सुलभ प्रक्रियेने दुसऱ्या देशात जाऊ शकतो. तथापि तेथेही नव्याने अर्ज करावा लागतो, आणि आयर्लंड व डेन्मार्क या योजनेत सहभागी नाहीत. अलीकडे भारत व जर्मनी यांच्यात डिसेंबर २०२२ मध्ये स्थलांतरविषयक करार झाला. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यास कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. त्यात प्रारंभी सुमारे १०,००० जणांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. हे मार्ग एका देशाकडे नेणारे आहेत, हे विद्यार्थ्यांना सांगितले पाहिजे.

पदवीच्या मान्यतेचा प्रश्न :

पारपत्र आणि पदवी या दोन वेगळ्या बाबी आहेत. डॉक्टर, परिचारिका, दंतवैद्य, वास्तुविशारद आदी व्यवसायांत परस्पर मान्यतेची सोय प्रामुख्याने संघातील देशांत मिळविलेल्या पात्रतेसाठी आहे. त्यामुळे पोर्तुगीज नागरिक झालेल्या परिचारिकेची भारतीय पदविका आपोआप मान्य होत नाही. श्रमबाजाराचे दार उघडते, व्यवसायाचे उघडतेच असे नाही. पदवी हाती असूनही गोदामात वा कारखान्यात अकुशल काम करावे लागण्यामागे हे एक महत्त्वाचे कारण असते.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की, एकाच विमानाने निघालेल्या बार्देशच्या आणि नाशिकच्या तरुणाची कायदेशीर भूमी भिन्न असते. पहिल्याला संचाराचा हक्क आहे, पण त्यासाठी त्याने मायदेशातील राजकीय हक्क सोडलेला असतो. दुसऱ्याचा हा हक्क शाबूत असतो, पण नोकरी सुटल्यास त्याचा निवासही धोक्यात येऊ शकतो. यांपैकी श्रेष्ठ कोणता, हे शिक्षकाने ठरवू नये. मात्र विद्यार्थी कर्ज काढण्यापूर्वी त्याला तीन प्रश्न अवश्य विचारावेत : परवाना कोणत्या देशाचा व किती मुदतीचा आहे? नोकरी गेल्यास तो किती काळ टिकतो? आणि आपली पदवी तेथील कोणती संस्था मान्य करते? याची उत्तरे त्या देशाच्या दूतावासाकडून व अधिकृत संस्थांकडून लेखी स्वरूपात मिळवावीत. कारण हे कायदे वरचेवर बदलतात आणि त्याचा भार विद्यार्थ्याच्या कुटुंबावरच पडतो.