जे डिकी यांचं एक वाक्य

अमेरिकेच्या संसदेत बंदुकीचा विषय निघाला की वर्षानुवर्षं नुसती खडाजंगी होते, कायदा क्वचितच होतो. म्हणूनच १९९६ साली आर्कान्सामधल्या एका खासदाराने केवळ एका वाक्याने जे घडवलं, ते वाचून मी अवाक झालो. त्या वाक्यात बंदुकीच्या खरेदी-विक्रीबद्दल चकार शब्द नव्हता. सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने दुखापती रोखण्यासाठी मिळणाऱ्या पैशातून बंदूक-नियंत्रणाचा पुरस्कार किंवा प्रचार करू नये, एवढंच त्यात म्हटलं होतं.

ते वाक्य जे डिकी यांचं. रिपब्लिकन पक्षाचे, पाइन ब्लफ गावचे, आणि बंदूकधारकांच्या एनआरए या बलाढ्य संघटनेची बाजू संसदेत हिरिरीने लढवणारे. वादाला निमित्त झालं १९९३ सालच्या एका अभ्यासाचं. डॉ. आर्थर केलरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीडीसीच्या मदतीने तो केला होता. ज्या घरात बंदूक आहे, तिथे घरातच खून होण्याचा धोका जवळजवळ तिप्पट आढळतो, असं त्यात निघालं. एनआरए खवळली. संशोधनाच्या आडून प्रचार चालला आहे, असं तिचं म्हणणं.

आता गंमत पाहा. ‘संशोधन करू नका’ असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. तरी ते थांबलं, कारण त्याच वेळी संसदेने २६ लाख डॉलर त्या कामातून काढून मेंदूच्या दुखापतींच्या अभ्यासाकडे वळवले. आदल्या वर्षी सीडीसीने बंदुकीच्या दुखापतींच्या अभ्यासावर नेमके तेवढेच खर्च केले होते! अधिकाऱ्यांना आणखी काही सांगावं लागलं नाही. उद्या एखादा निष्कर्ष कुणाला प्रचार वाटला तर काय, ही धास्ती पुरेशी होती. सीडीसीचं या विषयावरचं संशोधन पुढची वीसेक वर्षं जवळजवळ आटलं.

डिकींचे तेव्हाचे विरोधक म्हणजे सीडीसीच्या दुखापत-प्रतिबंध केंद्राचे प्रमुख डॉ. मार्क रोझेनबर्ग. पुढे हे दोघे एकमेकांशी बोलू लागले, मुलाबाळांची चौकशी करू लागले आणि चक्क मित्र झाले. जुलै २०१२ मध्ये, ऑरोरा इथल्या चित्रपटगृहातल्या गोळीबारानंतर, दोघांनी मिळून ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये लेख लिहिला. बंदुकीच्या दुखापतींवर संशोधन झालंच पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. आधार होता रस्त्यांचा: अपघातांचा कसून अभ्यास झाला, समोरासमोरची टक्कर टाळणारे कठडे आले, सीटबेल्ट आले, लाखो जीव वाचले, आणि त्यासाठी कुणाची मोटार काढून घ्यावी लागली नाही.

मला या माणसाबद्दल खरा आदर वाटतो तो इथे. बंदूक बाळगण्याच्या हक्कावरचा विश्वास डिकींनी सोडला नाही. पण तो हक्क जपण्यासाठी अज्ञान जपावं लागत नाही, हे त्यांना उमगलं आणि स्वतःच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या कलमाच्या परिणामांविरुद्ध ते उघडपणे बोलले. राजकारणात हे किती जणांना जमतं?

डिकी २०१७ साली वारले. पुढच्याच वर्षी, त्या कलमामुळे संशोधनाला आडकाठी नाही, असा खुलासा करण्यात आला. डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने अडीच कोटी डॉलर मंजूर केले. निम्मे सीडीसीला, निम्मे एनआयएच या वैद्यकीय संशोधन संस्थेला. डिकींचं वाक्य मात्र तेव्हाही कायद्यात तसंच ठेवण्यात आलं.