दोष ऑप्टिमायझेशनचा नव्हे, अपुऱ्या माहितीचा

सी भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये प्रोसेसरच्या सूचना थेट लिहिण्याची सोय म्हणजे इनलाइन असेंब्ली. तिच्याविषयीचा सर्वांत पक्का गैरसमज असा, की 'ओ०' पातळीवर, म्हणजे ऑप्टिमायझेशनशिवाय, बिनचूक चाललेला कोड 'ओ२' ही ऑप्टिमायझेशनची पातळी लावल्यावर बिघडला, तर घोळ कंपायलरनेच घातला. वस्तुस्थिती वेगळी आहे. जीसीसी हा कंपायलर त्या असेंब्लीचा अर्थ लावतच नाही. तो मोकळ्या जागी रजिस्टरांची नावे भरतो आणि मजकूर असेंब्लरकडे सोपवतो. आत काय घडते हे त्याला फक्त आपण सोबत दिलेल्या तीन याद्यांवरून कळते: आउटपुट, इनपुट आणि क्लॉबर, म्हणजे त्या सूचनांमुळे पुसल्या जाणाऱ्या रजिस्टरांची यादी. इंटेलच्या प्रोसेसरवरील 'सीपीयूआयडी' ही सूचना ईएएक्स, ईबीएक्स, ईसीएक्स आणि ईडीएक्स ही चारही रजिस्टरे बदलते. यादीत फक्त ईएएक्स लिहिले, तर 'ओ०'ला बहुधा काहीच बिघडत नाही, कारण तिथे चल सहसा स्टॅकवर राहतात. 'ओ२'ला मात्र कंपायलर लूपचा काउंटर खुशाल ईबीएक्समध्ये ठेवतो आणि तो पुसला जातो. चूक आधीपासूनच होती. ऑप्टिमायझेशनने ती उघडी पाडली.

दुसरा गैरसमज असा, की असेंब्लीच्या ब्लॉकला 'व्होलाटाइल' हा शब्द जोडला की सगळे सुरक्षित. हा शब्द गरजेचा आहे, पण त्याचे काम मर्यादित आहे. प्रोसेसरचा घड्याळ-काउंटर वाचणारी 'आरडीटीएससी' ही सूचना एखाद्या कामाच्या आधी आणि नंतर अशी दोनदा लिहा. 'व्होलाटाइल' नसेल, तर दोन्ही ब्लॉक सारखे, इनपुट काहीच नाही, म्हणजे उत्तरही तेच, असे कंपायलर धरून चालतो. तो दुसरे वाचन गाळू शकतो आणि फरक शून्य येतो. 'व्होलाटाइल' लिहिल्यावर दोन्ही वाचने टिकतात, त्यांचा आपसातला क्रमही टिकतो. तरीही मधली साधी आकडेमोड कंपायलर त्यांच्या अलीकडे किंवा पलीकडे सरकवू शकतो. मेमरीतल्या वाचन-लेखनाला आवर घालायचा, तर क्लॉबरच्या यादीत 'मेमरी' लिहावे लागते. तेही फक्त कंपायलरला बांधते. खुद्द प्रोसेसरने क्रम बदलू नये यासाठी 'एमफेन्स'सारखी वेगळी सूचना लागते.

यावर आक्षेप येतो, की कंपायलरमध्येही बग असतातच. ते खरेच आहे. पण याद्या अपुऱ्या असताना कंपायलरला दोष देता येत नाही, कारण कुठले मूल्य पुढे लागणार आणि कुठले टाकून द्यायचे हा त्याचा निर्णय अंदाजाने होत नसतो. त्यामागे डेटा फ्लो विश्लेषणाचे काटेकोर गणित आहे. आयआयटी मुंबईचे प्रा. उदय खेडकर यांनी अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्यासह याच विषयावर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच संस्थेच्या जीसीसी रिसोर्स सेंटरने या कंपायलरची अंतर्गत रचना शिकवणाऱ्या कार्यशाळाही घेतल्या. हे गणित मिळालेल्या माहितीवर चालते. माहिती खोटी असेल, तर निष्कर्षही चुकणारच. दुसरा आक्षेप असा, की मग ऑप्टिमायझेशन बंदच का ठेवू नये? कारण असेंब्ली बहुतेकदा वेगासाठीच लिहिली जाते, आणि उरलेला सगळा प्रोग्रॅम संथ करून तो वेग हाती लागत नाही. शिवाय 'ओ०'ला दबलेली चूक कंपायलरची आवृत्ती बदलली तरी डोके वर काढू शकते.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात अंदाजाने 'व्होलाटाइल' पेरण्याने होऊ नये. 'एस' हा पर्याय देऊन कंपायलरने तयार केलेली असेंब्ली आधी वाचा आणि आपल्या सूचनांभोवती कोणती रजिस्टरे वापरात आहेत ते पाहा. सूचना बदलते ते प्रत्येक रजिस्टर यादीत आहे का, हे प्रोसेसरच्या मॅन्युअलशी ताडा. सगळी इनपुटे वाचून होण्याआधीच एखाद्या आउटपुटमध्ये लिहिले जात असेल, तर त्याला अर्ली क्लॉबरची '&' ही खूण द्या. आणि त्याच सूचनेसाठी कंपायलरने दिलेले तयार इंट्रिन्सिक फंक्शन किंवा सी भाषेच्या सी११ मानकातील अ‍ॅटॉमिक सुविधा असेल, तर असेंब्ली लिहूच नका. जीसीसी आणि त्याचे मॅन्युअल दोन्ही मोफत आहेत. मुकुटबनसारख्या लहान गावातल्या विद्यार्थ्यालाही ही तपासणी साध्या संगणकावर करता येते. ती आधी करा, दोष कोणाचा ते मग ठरवा.